दूध आटल्यावरच्या संध्याकाळी

आमच्या आबांची दारू गाईमुळं सुटली असं सांगितलं की लोक हसतात. पण खरंच सांगते, तसंच झालतं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं आबांना इचारलं, प्यायची आठवण नेमकी कवा येती? आबा म्हणाले, दिवस मावळायला. मग त्या टायमाला हात रिकामे ठेवू नका, म्हणाल्या. बस्स, तवापासून संध्याकाळची धार आबांकडं. आधी माय काढायची. धार काढायची, किटली घ्यायची, देशीचं दुकान टाळून मळ्याच्या लांबच्या वाटेनं सोसायटीच्या डेअरीवर जायचं, दुधाची फॅट मोजून हुईपर्यंत गप्पा मारायच्या, घरी येऊन गप जेवायचं. वर्षभर असंच चाललं. माय परत हसायला लागलती.

मग पाऊसच झाला न्हाई. गाय आटली, तिला आष्टीकडं चारा छावणीत चुलत्याजवळ ठिवली. तरी आबा रोज डेअरीवर जायचे, दुसऱ्यांच्या किटल्या उचलू लागायचे. एकानं टोमणा मारलाच, "दूध न्हाई, मग पाणी घालायला येतो का बे?" आबांनी हसून सोडून दिलं. पण गावात दूधच उरंना, तर डेअरीला बी कुलूप लागलं.

त्याच दिवशी आबा पिऊन आले. माय भांडली न्हाई, काय न्हाई, नुसती भाकरी झाकून ठिवली. मला वाटलं, संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं तसे आबा उंबऱ्यात बसले, उठले, परत बसले. मग मायला म्हणाले, "मला एकट्याला सोडू नको. चल माझ्यासंगं, फिरून येऊ."

"कुठं?"

"कुठं बी."

आमच्याकडं नवराबायको जोडीनं चालत न्हाईत. बाजाराला जाताना बी बाई मागंच राहती. पण मायनं पेटती चूल इझवली, पदर सारखा केला अन् निघाली. मागनं मी. बंद डेअरी बघवंना म्हणून आबा मोठ्या रस्त्यानं वळले. पारावरनं कुणीतरी म्हणलं, "हवा खायला निघाले का काय?" माय थांबली न्हाई. देशीच्या दुकानापाशी आबांचा पाय अडला, तसा मायनं सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला. रडत होती, तरी धरला. आबा बी रडत होते.

त्या दिवशी आबा प्याले न्हाईत. घर जवळ आलं तवा मायनं एवढंच इचारलं, "अन् उद्या?"

आबांनी दारात येईपर्यंत मायचा हात सोडला न्हाई.