साऱ्या गल्लीच्या किल्ल्या

कुलूप लावून झालं की मास्टर ते एकदा खाली ओढत आणि मग आपल्या तळहाताकडे पाहत. कुलपाच्या कडेचा तांबूस वळ तिथे उमटलेला असे. तो दिसला की ओट्यावरून खाली उतरत आणि मला विचारत, "अण्णा, लागलं ना?"

"लागलं, मास्टर."

"तुम्ही स्वतः पाहिलं ना?"

"पाहिलं."

मग आम्ही दोघं कामाला निघायचो.

सुरतेच्या गोडादऱ्यात आमची घरं समोरासमोर होती. मी बुलढाण्याकडचा, कापड मार्केटात एका पेढीवर हिशेब लिहायला. ते खानदेशातले, अमळनेरच्या बाजूचे, लूमच्या एका खात्यात मास्टर. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि तिथला मास्टर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा आणि कारागिरांवर नजर ठेवणारा माणूस. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. त्यांची बायको, म्हणजे आमची वहिनी, तीही त्यांना मास्टरच म्हणायची, फक्त तिच्या तोंडी त्या शब्दाला धार असायची.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याला आपण जपून वागणारा म्हणतो, थोडं हसतो आणि सोडून देतो. आम्ही मास्टरांना सोडून दिलं नाही, मदत केली. त्या मदतीपायी गोष्ट इथवर आली की पोटच्या पोरीच्या लग्नाला तरी या माणसाला घराच्या दारातून निघता येईल का, हाच प्रश्न पडला. तेवढंच इथे लिहितो आहे.

सुरुवातीला माझ्या एका "लागलं"वर ते मेन रोडपर्यंत यायचे. तिथे शटल, म्हणजे शेअरची रिक्षा मिळायची, ते खात्याकडे जायचे, मी मार्केटात. वर्षभरात तेच "लागलं" कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंतच पुरायला लागलं. गिरणीपाशी पाय अडखळायचा. "अण्णा, एक मिनिट हं," म्हणून ते मागे फिरायचे. पुढे पुढे शेजारचा ओटा ओलांडायलाही माझा होकार कमी पडू लागला. माझा जन्म हिशेबात गेलाय, त्यामुळे हे मला दिसत होतं. माल तोच, भाव वाढत चाललेला. मी मात्र भाव देत राहिलो. हो म्हणायला आपलं काय जातं, असं मला वाटायचं.

एकदा मी वैतागून म्हणालो, "मास्टर, हाताला वळ दिसतोय ना? मग?"

ते शांतपणे म्हणाले, "दिसतोय. पण हा आत्ताचा की मघाचा?"

ते वेडे नव्हते. कुलूप लागलंय हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. "माहीत आहे हो," म्हणायचे, "माहीत असून पटत नाही. आणि जितकं जास्त पाहतो तितकं पुसट होतं. कालचं ओढणं, आजचं ओढणं, सगळं एकात एक." गल्लीतली पोरं त्यांच्या मागे हात पुढे करून तळवा बघत चालायची. वहिनी दारात पिशवी घेऊन ताटकळायची आणि अहिराणीत म्हणायची, "तुमनं लगीन मनासंगे व्हयनं का कुलूपसंगे?" मास्टर हसायचे. हसता हसता परत एकदा ओढायचे.

मग प्लेगचं वर्ष आलं. सुरत रिकामी व्हायला लागली. मिळेल त्या गाडीत लोक घुसत होते. आमची गल्ली दोन दिवसांत निघाली, मीही बायकामुलांना घेऊन निघालो. निघताना जो तो मास्टरांच्या ओट्यावर यायचा आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवायचा. "मास्टर आहेत म्हणजे काळजी नाही." कुलूप तपासायला त्यांच्यासारखा माणूस साऱ्या गोडादऱ्यात मिळाला नसता, हे आमचं गणित. वहिनी आणि मुलगी गावी गेल्या. मास्टर तोंडाला रुमाल बांधून मागे राहिले आणि सकाळ-संध्याकाळ एकेक दार ओढत गल्लीतून फिरत राहिले.

आम्ही परतलो तेव्हा कुणाच्या घरची वाटी हललेली नव्हती. गल्लीने वर्गणी काढली आणि मास्टरांना टॉवेल, टोपी, नारळ दिला. एका माणसाच्या आजाराचा आम्ही हार घालून सत्कार केला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो. तेव्हापासून रीतच पडली. गावी जायचं तर किल्ली मास्टरांकडे. त्यांच्या घरात खिळ्यांची एक फळी झाली. आधी ते एका कुलपाचे होते, आता गल्लीचे झाले. खात्यात रोज उशीर होऊ लागला. शेठ चांगला होता म्हणून नोकरी टिकली.

पुढच्या थंडीत अमळनेरहून किराणा दुकानाच्या फोनवर निरोप आला. मास्टरांच्या आईचं काही खरं नव्हतं. नवराबायको उधना स्टेशनला निघाले. गिरणीपासून मास्टर परत आले. पुन्हा निघाले, मेन रोडवरून परत आले. तेव्हा त्यांच्याकडे चार घरांच्या किल्ल्या होत्या. मी ओट्यावर होतो. त्यांनी विचारलं, "अण्णा, सगळी लागलीत ना?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "सगळी. निघा तुम्ही." ते निघाले आणि स्टेशनच्या जिन्यावरून परत आले. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा धाकट्या भावाने अग्नी दिला होता.

तेरावं करून वहिनी परत आली ती थेट आमच्याकडे. उभ्यानेच बोलली.

"भाऊ, यांची माय गेली, यांनी तोंड नाही पाहिलं. उद्या पोरीचं लगीन येईल. गावच्या मारुतीला नारळ झाला, भगत झाला, इथल्या डॉक्टरची ताकदीची इंजेक्शनं झाली. आता तुम्ही शिकलेले. सांगा काय करू."

मलाही काही माहीत नव्हतं. पेढीवरच्या एका माणसाने मोठ्या दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मास्टर आढेवेढे न घेता आले, मात्र आम्हाला दवाखान्यात पोहोचायला दुपार झाली, हे सांगायला नको.

डॉक्टर गुजराती होते, आमच्याशी हिंदीत बोलत होते. त्यांनी मास्टरांना सगळं बोलू दिलं. मग माझ्याकडे वळले. "ये पूछते हैं तब आप क्या बोलते हो?"

"हाँ बोलता हूँ. ताला लगा है."

"वही बंद करना है."

मला राग आला. खोटं तर मी बोलत नव्हतो.

डॉक्टरांनी समजावलं. भीती चढते, पण चढून तिथेच राहत नाही, थोड्या वेळाने आपसूक उतरते. मास्टर ती उतरायच्या आत कुलूप पाहून येतात किंवा मला विचारतात. लगेच बरं वाटतं. मन समजतं, पाहिलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते आणखी लवकर हाक मारतं. "डर को कभी अपने आप उतरने का मौका ही नहीं मिला," ते म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या. गोळीने धग कमी होईल, पण न पाहता चालत राहायचं काम मास्टरांनाच करायचं होतं.

मास्टरांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग मला मराठीत म्हणाले, "अण्णा, आमच्याकडे नवा कारागीर असतो ना, त्याला सारखं वाटतं, धागा तुटला. माग थांबवतो, पाहतो, धागा शाबूत. परत चालू करतो. पण थांबवून चालू केला की तेवढ्या जागी कापडात आडवी रेघ पडते. धागा काही तुटलेला नसतो, कापड मात्र वाया जातं."

"मग त्याला काय सांगता?"

"सांगतो, बाबा, वाटू दे. हात लावू नको."

हे मी डॉक्टरांना हिंदीत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बस, एवढंच.

एवढंच, पण ते करायला दीड वर्ष गेलं. पहिलं काम वहिनीने केलं. फळीवरच्या साऱ्या किल्ल्या पदरात घेऊन ती घरोघर फिरली आणि ज्याची त्याला देऊन आली. लोकांना राग आला. "आम्ही काय चोर आहोत का?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "एवढा मान दिला माणसाला!" वहिनी म्हणाली, "मान तुम्हीच ठेवा बाई, मला नवरा पाहिजे."

माझं काम गप्प राहायचं. ते तिच्यापेक्षा सोपं होतं असं समजू नका. घामाने भिजलेला, तोंड कोरडं पडलेला माणूस समोर उभा असतो, एका शब्दात त्याची सुटका होणार असते, आणि तो शब्द आपल्या जिभेवर असतो. मी फक्त म्हणायचो, "मास्टर, डॉक्टर काय म्हणाले?" ते चिडायचे. एक दिवस म्हणाले, "तुम्हाला फी मिळते का त्याची?" आठ-पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या बायकोकडून "हो" काढून घेत, नाहीतर दूधवाल्याला विचारत. मग त्या दोघांनाही पढवावं लागलं. गिरणीपाशी ते थांबायचे, भिंतीला हात टेकून उभे राहायचे, आणि केव्हातरी पुढे चालू लागायचे. कधी मागेही यायचे. आजार गेला असं मी म्हणणार नाही. पुढे त्यांनी सुरत सोडली, गावी राहायला गेले. तिथेही रात्री कडी पाहायला उठतात असं वहिनीने एकदा फोनवर सांगितलं. "पण एकदाच हं," ती घाईने म्हणाली.

मुलीचं लग्न वैशाखात ठरलं, अमळनेरजवळ त्यांच्या गावी. वहिनी आणि मुलगी आठवडाभर आधी गेल्या. शेठने मास्टरांना हळदीच्या दिवसापर्यंत सोडलं नाही. वहिनी जाताना मला एवढंच म्हणाली, "भाऊ, गाडीत बसेपर्यंत सोबत राहा. हात धरून बसवू नका. बसायचं त्यांनी."

त्या सकाळी ते कुलूप लावत होते तेव्हा मी मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. रिक्षा दारातच बोलावली होती. बसले. गिरणी गेली, मेन रोड गेला. मास्टर समोरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून होते. उधन्याला उतरल्यावर मी पैसे काढू लागलो तर त्यांनी मला अडवलं आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "भैया, जाना मत. थोडा रुकना. शायद वापस जाना पड़े."

मी पैसे परत खिशात ठेवले.

गाडी उशिरा होती. तो उशीर आमच्या जिवावर उठला. मास्टर बाकावर बसले, उठले, पाणी प्यायले, परत बसले. शेवटी आलाच प्रश्न.

"अण्णा, लागलं ना?"

"मला माहीत नाही, मास्टर."

"पाहिलं नाही तुम्ही?"

"नाही. पाठ करून उभा होतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही फार वाईट माणूस आहात, अण्णा." आणि त्यांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी मी ते हसू पाहिलं. फार टिकलं नाही. जिन्याकडे दोन वेळा नजर गेली. ओठ हलत होते. मी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली आणि बाजूला सरकलो.

गाडी आली. लग्नसराईची गर्दी होती. मास्टर चढले. लोक आत शिरत होते तेवढ्यात ते उलटे उतरले, फलाटावर उभे राहिले. शर्ट पाठीला चिकटला होता. मी त्यांच्या पिशवीकडे पाहिलं, ती डब्यात राहिली होती. त्यांनीही पाहिलं. आतून एक म्हातारी अहिराणीत ओरडली, "ओ भाऊ, येवानं शे का नही?" गार्डाची शिट्टी झाली. मास्टर चढले.

गाडी हलली. ते दारात दांडी धरून उभे होते. चेहरा पांढरा पडला होता. ते उडी मारतील अशी मला भीती वाटली आणि मी चार पावलं सोबत चाललो. तेवढ्यात ते मोठ्यांदा ओरडले, "अण्णा! रिक्षा!"

"काय?"

"त्याला सोडा! उभा असेल बिचारा. सांगा, जा म्हणावं!"

मी हात वर केला. गाडी पुढे गेली. मी फलाट रिकामा होईपर्यंत थांबलो, मास्टर कुठे उतरून परत येत नाहीत ना हे पाहिलं, आणि बाहेर आलो.

रिक्षावाला सीटवर पाय पसरून बसला होता. "वो काका वापस नहीं आए?"

"नहीं आएँगे."

भाड्याचे पंचवीस आणि थांबल्याचे दहा, असे पस्तीस रुपये मी त्याला दिले.