जावई तिसऱ्या वळणावर अडला

लग्नाला पिंजरा म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत राहणारं आपल्या गल्लीतलं जोडपं रोज सकाळी खरोखरच एका पिंजऱ्यात शिरतं. खाणीच्या तोंडाशी माणसांना खाली सोडणारी लिफ्ट असते, तिला तिथे पिंजराच म्हणतात. बायको खाली बोगदे मोजते, त्यांचे नकाशे करते, म्हणून सगळे तिला मापवाली म्हणतात. नवरा तिथेच दगड वाहणारी अवजड गाडी चालवतो. खाली उतरेपर्यंत दोघांचं भांडण चालू असतं, तळाशी पोचलं की सुट्टी.

भांडणाचा विषय एकच, खाणीचा शेवटचा पट्टा. तिथलं छत सैल झालं होतं, अधूनमधून दगड सुटत. नवरा गाडी घेऊन तिथे शिरला की मापवालीचा जीव टांगणीला. शेवटी कंपनीने बिनचालकाची एक गाडी चाचणीसाठी आणली आणि तिला वाट शिकवायचं काम मापवालीकडे आलं. गाडी चाचणीत पास झाली तर त्या पट्ट्यात माणूस पाठवायची गरज नाही. नाही झाली तर गाडी परत, आणि सोमवारपासून नवरा पुन्हा त्याच छताखाली.

गाडीचं नाव कामगारांनी जावई ठेवलं. थाटात यायचं, जरा मनाविरुद्ध झालं की जागच्या जागी रुसून बसायचं, आणि मग साऱ्यांनी भोवती धावायचं!

"जावई गाडी चालवणार, मग मी काय करू? टाटा करू?" नवरा म्हणायचा.

"वर खाणीच्या तोंडाशी खोलीत बसून पडद्यावर त्याच्यावर नजर ठेवायची. अडला तर तिथूनच चालवायचा."

"म्हणजे पोर सांभाळायचं."

"एकदा सांभाळून तर बघा, अहो. मी इतकी वर्षं सांभाळतेय."

आता जमिनीखाली वाट शोधणं म्हणजे गंमत नव्हे. वर रस्त्यावर आपला मोबाइल उपग्रहाला विचारून वळणं सांगतो, पण उपग्रहाचा सिग्नल खडकातून खाली उतरत नाही. म्हणून जावई आपल्या चाकांचे फेरे मोजत जायचा. चिखलात चाक घसरलं की मोजणी चुकायची. मग तो लेझरचा किरण भिंतींवर फिरवायचा आणि शिकलेले आकार ताडून बघायचा. ही कड ओळखीची, तो खळगा ओळखीचा, म्हणजे आपण इथे! मापवालीने त्याला फिरवून फिरवून सगळं शिकवलं होतं आणि तो अगदी शहाण्यासारखा चालतही होता.

चाचणीच्या दिवशी कंपनीच्या मोठ्या बाई आल्या. मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या मागे-पुढे करत होता. सगळे वरच्या खोलीत पडद्यापुढे जमले. जावई निघाला, पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर थांबला. दिवे लुकलुकले, आणि पडद्यावर उमटलं की आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही.

"रुसला," मुकादम म्हणाला.

मापवालीने जावयाने शिकलेला आकार आणि आजची भिंत शेजारी शेजारी लावली. "इथे मोठा फुगवटा होता. आज नाही."

"भिंत काय एका दिवसात बारीक झाली?" नवरा म्हणाला.

तिने शिकवतानाचं चित्र मोठं केलं. वर ओळीने काहीतरी लटकलेलं, ते कामगारांचे रेनकोट. खाली रिकाम्या पिंपांची चळत. आणि शेवटच्या पिंपावर तो गोल, भरदार फुगवटा. फुगवट्याला मान होती. मानेवर हेल्मेट होतं.

खोलीतल्या सगळ्या माना मुकादमाकडे वळल्या.

"मी डुलक्या काढत नाही," कोणी काही विचारलं नसताना मुकादम म्हणाला.

"काढता म्हणूनच त्याला तुम्ही खडक वाटलात!" नवऱ्याने टोला हाणला. "जरा हलला असतात तर आज वाचलो असतो."

"अरे, पाहुणे येणार म्हणून मीच तर सगळं आवरून घेतलं! रेनकोट, पिंपं, सगळं!"

"आणि स्वतःलाही."

मोठ्या बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, पण खांदे हलत होते. मापवाली मात्र हसली नाही. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "तिथल्या भिंती सगळ्या एकसारख्या, धरायला काही नाही. म्हणून त्याने मिळेल ते धरलं. शिकवण्याआधी मी बोगदा रिकामा करायला हवा होता. भिंतीवर न हलणाऱ्या खुणा ठोकते आणि पुन्हा शिकवते. वेळ द्या."

"उद्या दुपारी मी निघणार," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्याआधी दाखवा."

"हवं तर मी रोज बसतो तिथे," मुकादम हळूच म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी मापवाली गल्लीत दारोदार फिरली. खुणांसाठी लोखंडी, वेडावाकडा, एकासारखा दुसरा नसलेला काय माल असेल तो द्या! ज्या घरांतून वाटीभर साखर उसनी मिळताना मारामार, तिथून सायकलची रिंग आली, खुर्चीचा सांगाडा आला, पोचा आलेला टब आला. सासूबाईंनी तर स्वतःच्या लोखंडी पलंगाचा डोक्याकडचा नक्षीदार भाग उपसून पुढे केला.

"अहो आई, रात्री डोकं कशाला टेकाल?"

"उशी आहे ना! त्या छताखालून माझा पोरगा बाहेर येणार असेल तर पलंगाचे पायपण काढून ने."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. सकाळी खाली उतरून भिंतीला भोकं त्यानेच पाडली आणि एकेक बोल्ट दोनदा आवळला. मापवालीने बोगदा झाडून रिकामा केला, मुकादमाला वर बसवलं आणि जावयाला पुन्हा फिरवून आणलं.

दुपारी जावई निघाला. तिसऱ्या वळणावर त्याने किरण फिरवला, सासूबाईंच्या पलंगाची नक्षी चाचपली, जरासा रेंगाळला आणि वळला. मोठ्या बाईंनी मान डोलावली. "ठेवू या याला," त्या म्हणाल्या. जावई शेवटच्या पट्ट्यात शिरला. तेवढ्यात छतातून मूठभर खडी सुटली आणि गाडीच्या टपावर ताड ताड आपटली. पडद्यावर चालकाची रिकामी सीट दिसत होती.

नवरा त्या सीटकडे बघतच राहिला. मग मान न वळवता म्हणाला, "अगं, परतताना त्याला हळू घ्यायला सांग. डाव्या बाजूचं छत जास्त वाईट आहे."

"मी कशाला सांगू? तुम्हीच सांगा. आता ते तुमचं काम."

त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली. "कुठलं बटण?"