न विचारलेली तारीख

बेसा भागातल्या आरोग्य केंद्रात यमुताई पांढरीपांडे बावीस वर्षं नर्स होत्या. शेवटची पाळी कधी आली होती, हे त्या बायकांना तारखेत कधीच विचारत नसत. तारीख कोणाच्या लक्षात राहते? सण राहतो. "मारबतीच्या आधी की मागून? महालक्ष्म्या बसल्या तेव्हा बाजूला होतीस की स्वयंपाकात?" असं खोदून खोदून त्या दिवस नक्की करत. बायका कंटाळत, पण यमुताई हटत नसत. पोटावर टेप लावून बाळाची वाढ कोणीही मोजेल. पण ते बाळ खरंच मागे पडलंय की त्याचे दिवसच कमी भरलेत, हे पहिल्या तारखेशिवाय कळायचं कसं? नव्या नर्सांना त्या हे इतक्यांदा ऐकवत की त्या पोरी मागून त्यांची नक्कल करत.

दीक्षाचं पहिलंच बाळंतपण. नवरा प्रशिक बुटीबोरीच्या कापड कारखान्यात. उलट्यांनी हैराण झाली म्हणून सुरुवातीचे महिने ती पारशिवनीला माहेरीच राहिली, आणि दिवस ठरवायची ती पहिली सोनोग्राफी राहून गेली. केंद्रात आली ती पाचव्या महिन्यात. पाळी धम्मचक्र दिनालाच आली होती, असं तिनं ठामपणे सांगितलं, आणि यमुताईंनी चौदा ऑक्टोबर लिहून टाकलं.

एरवी खोदून विचारणाऱ्या या बाईनं इथं काही खोदलं नाही, त्याला कारण होतं. केंद्रातच काम करणाऱ्या धम्मानंदला त्यांनी फार पूर्वी एकदा विचारलं होतं, तुमचा तो दसऱ्याचा कार्यक्रम कसा झाला? तो शांतपणे म्हणाला होता, "ताई, धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणतात त्याला. चौदा ऑक्टोबर, छप्पन्न." यमुताईंना ते फार लागलं. तेव्हापासून या बौद्ध लोकांसमोर त्या दसऱ्याचं नावच काढत नसत, आणि आपल्याला हे नीट कळतं याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

आठव्या महिन्यात दीक्षाच्या पोटाची उंची जरा कमी भरली. सोनोग्राफीतही बाळ बारीकच निघालं, पण हद्दीच्या आत. आईच बारीक, बाळ कुठून जाडं येणार? केंद्राच्या डॉक्टर गार्गी यांनी पुन्हा बघू म्हटलं, आणि यमुताईंनीही मान डोलावली.

पुढच्या खेपेला दीक्षाची सासू सिंधूताई सोबत आली. दीक्षा वजनकाट्यावर उभी होती आणि सिंधूताईंचं तोंड सुरू होतं. पोरगी मोठी हट्टी. धम्मचक्र दिनाला पोट दुखत होतं तरी दीक्षाभूमीवर उन्हात उभीच राहिली. प्रशिकला गांधीजयंतीची सुट्टी होती म्हणून सगळे मिळून गेले होते.

वजन लिहिता लिहिता यमुताई थांबल्या. "गांधीजयंती? चौदा तारखेला गेला नव्हतात का?"

"चौदाले त्याले ड्युटी होती न बाई. आम्ही अशोक विजयादशमीले गेलो."

दीक्षाभूमीवर धम्मचक्र दिन दसऱ्यालाही पाळतात, आणि दसरा गेल्या वर्षी गांधीजयंतीलाच आला होता. यमुताईंनी बोटांवर दिवस मोजले. बाळ त्यांच्या हिशेबापेक्षा बारा दिवसांनी मोठं होतं. म्हणजे इतक्या दिवसांच्या मानानं ते हद्दीच्या आत नव्हतंच. वाढ खुंटली होती, आणि चुकीच्या तारखेनं ते झाकलं होतं.

आकडा गुपचूप बदलला असता तर कुणाला कळलंही नसतं. यमुताई सरळ आत गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, तारीख मी चुकवली. गार्गी रागावल्या नाहीत; त्यांनी त्याच दिवशी दीक्षाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं नाळेतला रक्ताचा प्रवाह तपासला तेव्हा कळलं, बाळाला पुरेसं पोचतच नव्हतं. दीक्षाला ठेवून घेतलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली, एक दिवसाआड तपासणी चालू झाली. मग एका सकाळी तपासणी बिघडली आणि लगेच सिझेरियन झालं. मुलगी, पावणेदोन किलोची. रडली मात्र खणखणीत.

यमुताई भेटायला गेल्या तेव्हा पिल्लू ऊब मिळावी म्हणून दीक्षाच्या छातीला बांधलेलं होतं आणि दोघी झोपल्या होत्या. बाहेर बाकावर सिंधूताई बसल्या होत्या. यमुताईंनी त्यांना सगळं सांगितलं, धम्मानंदच्या त्या गोष्टीसकट. उभ्यानंच सांगितलं, बसायचा धीर होत नव्हता.

सिंधूताईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"सगळ्या बायांले विचारता तुम्ही. माया सुनेले काहून नाही विचारलं?"

"तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं."

"वाईट वाटलं असतं तं मी तोंडावर सांगतलं असतं," सिंधूताई म्हणाल्या. "पोट्टी गेली असती तं कोणाले सांगतलं असतं?"

यमुताईंना रडू आलं. सिंधूताई बाकावर थोड्या सरकल्या आणि त्यांना म्हणाल्या, "बसा."