रुमालाखालचं स्टेशन

माझ्या थोरल्या चुलतभावानं मला फसवलं. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या घालून मी मोकळा झालो असतो.

मी बैलांचा व्यापारी. जे कमावलं ते स्वतःच्या जिवावर. आमच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून होतो. एकदा पंजा आवळला की सौदा पटला. त्यावरून जो फिरतो, त्याच्या दावणीकडं पुन्हा कुणी फिरकत नाही.

तामलवाडीकडच्या आमच्या मळ्यात रेल्वे स्टेशन होणार, अशी बोलवा होती. मोजणीवाल्यांनी एक खुंटी थेट वडिलांच्या समाधीला लागून ठोकली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. समाधी हलवायची म्हणजे बसलेल्या बापाला उठवायचं. मी साफ नकार दिला. भाऊ गावच्या समितीत होता. तो समजूत घालायला मळ्यात आला.

"बैलाच्या तोंडात हात घालतोस अन् खुंटीला भितोस व्हय रे?"

"अण्णा, गावाचं भलं मला सांगू नका. समाधी हलवायचीच तर स्टेशन इथंच होणार, यावर हात द्या."

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि आतून पंजा आवळला.

मी आमच्या पुरोहितांना, जंगमांना बोलावलं. विधी करून वडिलांना गावाबाहेरच्या स्मशानात नेलं. आई दर सोमवारी मळ्यात दिवा लावायची. ती एवढंच म्हणाली, "इथवर मी चालत येत होते. तिथवर आता कोण नेणार मला?"

पुढं नकाशा आला. स्टेशन ओढ्यापलीकडं, भावाच्या रानालगत. आमच्या मळ्यातून फक्त तिकडं जाणारा रस्ता, आणि समाधीची जागा नेमकी त्या रस्त्यात. मोजणीवाला म्हणाला, "तुमच्या भावाला पहिल्यापासनं ठाऊक होतं की."

मी तडक त्याच्या दारात गेलो. "अण्णा, हात दिला होता तुम्ही!"

"हात धरला म्हणजे जबान दिली व्हय? हा काय बैलबाजार हाय? अन् मी बोललो काय, ते सांग की."

तो एक शब्द बोलला नव्हता, हे खरं. रुमालाखालचं तिसऱ्याला दिसत नाही. बाजारात तीच सौद्याची अब्रू, आणि तेवढ्यावरच भावानं मला गाठलं.

स्टेशन कुठंही होऊ दे. मळ्यातली ती जागा अजून उघडी आहे, आणि सोमवार आला की आई वात वळून नुसती बसून राहते. भावानं यावं, तिच्यासमोर बसावं, तोच रुमाल अंथरावा. त्याखाली माझा पंजा आवळून त्यानं काय कबूल केलं होतं, ते आता तोंडानं सांगावं. मला नको, तिला सांगावं.