जावेचा प्रवेश, भलत्याच विद्यापीठात

तीस जुलै, रविवार. फ्रीजचे कप्पे काढून मोरीत घासत बसले होते. धाकटी जाऊ फोन हातात धरून वरच्या मजल्यावरून धावत खाली आली.

"अक्का, विद्यापीठाचा फोन हाय! स्पीकरवर टाकते."

ही बाई बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न होऊन आमच्या घरात आली आणि दुसरं वर्ष तिथंच राहिलं. आता वय बेचाळीस. नागापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला असते. तिथं सुपरवायझरची जागा निघाली होती. पदवी नसली तरी चालेल, पण पदवीच्या वर्गात नाव चालू हवं, अशी अट. म्हणून बहिःस्थ प्रवेशाचा अर्ज. दहा दिवस ती विद्यापीठाची साइट उघडत होती आणि साइट नुसती गोल गोल फिरत होती. शेवटी मीच म्हटलं, "आण इकडे." पंचवीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली की एवढा माज येतोच.

मी विद्यापीठाचं नाव टाकून शोधलं आणि सगळ्यात वर आलं ते दाबलं. एका दमात उघडलं. विद्यापीठाचं नाव, इमारतीचा फोटो, कोपऱ्यात गोल शिक्का. आमच्या ऑफिसात शिक्का दिसला की कागद पुढं सरकतो, मजकूर कोण वाचतंय? दहा मिनिटांत अर्ज भरला, फी भरली, पावती छापली. सासूबाईंनी पावतीला हळदकुंकू लावून ती देवघरात ठेवली. जावेनं अख्ख्या फॅक्टरीला सांगितलं. तिच्या माहेरी, देवळाली प्रवराला, पेढेसुद्धा पोहोचले.

"ताई, आपलं मनापासून अभिनंदन," फोनवरचा माणूस सांगत होता. "आपला प्रवेश निश्चित झालाय. परीक्षेचं टेन्शन घेऊ नका. थोडी जादा फी भरली की पदवी घरपोच मिळेल."

"परीक्षाच न्हाई?" जावेचा चेहरा उजळला.

माझा हात घासणीवरच थांबला. रविवारची दुपार, आपणहून फोन, वर 'ताई', वर 'मनापासून'. विद्यापीठाशी माझा जुना संबंध आहे. ते फोन उचलत नाही, तर करेल कुठून?

"साहेब, कुठल्या विभागातून बोलता?"

"ॲडमिशन डिपार्टमेंट, मॅडम."

"तुमच्या आधी त्या टेबलावर कोण होतं?"

फोन कट. खऱ्या कारकुनाला हा प्रश्न विचारला असता तर अर्धा तास ऐकावं लागलं असतं.

शाळेत आलेल्या परिपत्रकाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. त्यातला साइटचा पत्ता आणि आम्ही अर्ज भरलेल्या साइटचा पत्ता शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नाव अक्षर न् अक्षर तेच, फक्त टिंबापुढचं शेपूट वेगळं. खऱ्याला शिक्षणसंस्थांना देतात ते शेपूट होतं. आमच्याला होतं ते मागेल त्याला मिळतं, उद्या चपलांच्या दुकानालाही मिळेल. परिपत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरात अंतिम तारीख होती, एकतीस जुलै. म्हणजे उद्या.

"म्हंजी माझं नाव कुठंच न्हाई?" जावेनं विचारलं.

"आहे की. चोरांच्या यादीत."

ती हसली नाही. "बुधवारी सायबाला कागद दाखवायचाय, अक्का. पॅकिंगच्या पोरी आत्तापासूनच मला म्याडम म्हनत्यात."

"चूक माझी आहे. अर्ज मी भरला," मी म्हटलं. असं म्हणायची सवय नसल्यामुळे जरा मोठ्यानेच म्हटलं गेलं.

सासूबाई दारात येऊन ऐकत होत्या. "मग ती पावती काढू का देवापुढून?"

"काढा."

"आदी वाचायचं, मग ठिवायचं ना बाई. आता त्यो बी फसला म्हनायचा."

बँकेला फोन करून कार्ड बंद केलं. सायबर पोलिसांकडे तक्रार टाकली. मग संध्याकाळपर्यंत दोघी खऱ्या साइटसमोर बसलो. ती फिरत होती. साडेसातला एकदा उघडली, जावेचं आडनाव घेतलं आणि पुन्हा फिरायला लागली. मी लॅपटॉप मिटला आणि तिला मूळ गुणपत्रिका शोधायला वर पाठवलं. दोन्ही मुलांची बाळंतपणाची कागदपत्रं निघाली, गुणपत्रिका सर्वांत खाली सापडली.

सकाळी शाळेत फोन करून अर्धी रजा टाकली, जावेला स्कूटीवर मागं बसवलं आणि शहरातल्या कॉलेजातलं विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र गाठलं. खिडकी उघडली तेव्हा पहिला नंबर आमचा होता. आतल्या माणसानं वर न बघता, "ऑनलाईन भरायचं सोडून इथं कशाला आलात?" असं विचारलं आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरायला घेतला. जन्मसाल विचारलं तेव्हा मागं वीस-बावीस वर्षांची पोरं उभी होती. जाऊ कुजबुजली.

"काय?" तो म्हणाला.

"मोठ्यानं सांग," मी म्हटलं. "साल आहे, शिवी नाही."

तिनं सांगितलं. रांगेत कुणी हसलं नाही, सगळे मोबाईलमध्ये होते. अकरा वाजता पावती हातात आली. मी तिच्या तीन झेरॉक्स काढल्या, जावेला दुसऱ्या पाळीसाठी नागापूरच्या फाट्यावर सोडलं आणि बाराच्या आत शाळेच्या मस्टरवर सही केली.