आबांच्या अंगावरची शाल

भाची लष्करी अधिकारी होण्यासाठी प्रशिक्षणाला निघाली, तेव्हा असोद्यात मारुतीच्या पारावर तिचा सत्कार झाला. मी धुळ्याहून सकाळच्या एसटीने आले होते आणि बायकांमध्ये बसले होते. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचे वडील, लोकांना चहा देत फिरत होता. सरपंचांनी आबांना, आमच्या वडिलांना, शाल पांघरली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

आबा आता ऐंशीचे. माइक हातात धरून ते म्हणाले, "आमच्या घरात आजवर कोन्हाले असं सुचलंच नही. सुचलं असतं, तं म्या कधी अडवलं नसतं."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. भावाने मात्र मान खाली घातली.

जळगावच्या कॉलेजात मी तीन वर्षं एनसीसीत होते. शेवटच्या वर्षी अधिकारीपदाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. ते पत्र भावानेच पोस्टातून धावत आणलं होतं. तेव्हा तो अकरावीत होता. आबा केळीच्या बागेतून आले, पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि पाय धुता धुता म्हणाले, "पोरीच्या जातीले काय करनं हे?" ना ओरडले, ना मारलं. मुलाखतीच्या दिवशी धुळ्याचे पाहुणे मला बघायला आले. मी कांदेपोहे केले.

सत्कारानंतर घरी आबा शालीची घडी घालत होते. मी जवळ बसले.

"आबा, माह्यं एक पत्र आलं होतं. मुलाखतीचं. आठवतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते.

"कशाची मुलाखत वं? शाळेची?"

मी इतकी वर्षं ज्या माणसावर रुसून होते, तो माणूस घरात उरलाच नव्हता. समोर एक म्हातारा होता, नातीच्या कौतुकाने भरलेला. त्याच्याशी काय भांडणार?

"हो, शाळेचीच," मी म्हणाले आणि शाल कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी जळगाव स्टेशनवर भाचीने मला घट्ट मिठी मारली. "आत्या, रडतेस काय? आनंदाची गोष्ट आहे." मी मान हलवली. तिला काहीच सांगितलं नाही. तिच्या वाटेवर माझं ओझं कशाला?

आता दर रविवारी आबा मला फोन करतात. पोरगी कितीला उठत असेल, पायाला फोड आले तर काय करत असेल, विचारतात. मी सांगते. बूट नवे असले की टाचेला आधी फोड येतात, दोन मोजे घालायचे, आठवड्याने पाय सरावतो.

"तुले कसं माहीत हे सगळं?" परवा त्यांनी विचारलं.

"आबा, जेवलात का?" मी विचारलं.