अझेलियाच्या गाठी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी व्हर्ना लेडफर्ड अंगणातल्या अझेलियाच्या फुलझुडपांवरच्या फुगीर गाठी खुडून कागदी पिशवीत टाकत होत्या. बुरशीच्या या गाठी पांढऱ्या पडण्याआधी काढल्या नाहीत, तर रोग इतर झुडपांवर पसरतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या या डोंगरांत पूर्वी मुलं त्यांना 'सफरचंद' म्हणत आणि फळासारख्या खात; व्हर्नांनीही खाल्ल्या होत्या. झुडपाची पानं मात्र विषारी.

त्या वळल्या, तर चार वर्षांची नात ओपल काहीतरी चघळत होती.

"काय खाल्लंस गं?"

"तुझं सफरचंद. तूच सांगितलंस ना, लहानपणी खायचीस म्हणून!"

"गाठ की पान? जीभ दाखव."

जीभ हिरवी होती. कोवळी गाठही पानासारखी हिरवीच असते.

विषबाधेच्या मदत केंद्रातली बाई फोनवर म्हणाली, "उलटी झाली, गुंगी आली किंवा नाडी मंदावली, तर लगेच दवाखान्यात न्या. दुपारपर्यंत तिच्यावरची नजर हटवू नका."

व्हर्ना नातीचं मनगट धरून पायरीवर बसल्या आणि घड्याळ लावून नाडी मोजत राहिल्या.

"आजी, सोड ना."

बारा वाजता ओपलने मक्याचा कॉर्नब्रेड मागितला. व्हर्नांनी तो देण्याआधी पुन्हा एकदा नाडी मोजली. मग गाठींच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. कचऱ्याची गाडी उद्या सकाळी सातला येते; तोवर ओपलचा हात तिथे पोचायला नको.